अर्ध्या पेनीचे वाचनालय

ब्रिटिशांच्या आवडणाऱ्या गोष्टींची यादी करायला बसले की ती बहुधा ठरलेल्या वाटेने जाते. दुपारचा चहा, विनातक्रार लागणारी रांग, घरापुढची निगुतीने राखलेली बाग, हवामानावरचे न संपणारे बोलणे. मराठी प्रवासवर्णनांनी या साऱ्याची ओळख आपल्याला फार पूर्वीच करून दिली आहे. या यादीत आम्ही एका गोष्टीची भर घालू इच्छितो, आणि ती पहिल्या क्रमांकावर घालू इच्छितो. ती म्हणजे गावोगावचे सार्वजनिक वाचनालय. तिथे वर्गणी नाही, अनामत नाही, शिफारस नाही. आपण त्या गावचे रहिवासी आहोत एवढे दाखवले की पुस्तक घरी नेता येते.

या वाचनालयाचे मोठेपण त्यातल्या पुस्तकांत शोधू नये. त्याहून मोठी ग्रंथालये जगात पुष्कळ होती आणि आहेत. त्याचे मोठेपण एका हिशेबात आहे. पुस्तकाचे पैसे वाचकाने द्यायचे नाहीत, दात्यानेही द्यायचे नाहीत. ते घरपट्टीतून आधीच दिले गेलेले असावेत. या साध्या तरतुदीने वाचकाचे स्थान बदलले. तो कसा बदलला, हे पाहणे साहित्याच्या अभ्यासकाला उपयोगाचे ठरेल असे आम्हांला वाटते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडात वाचक दोन प्रकारचे होते: पैसे मोजणारे आणि उपकृत होणारे. मध्यमवर्गीय कुटुंबे फिरत्या वाचनालयांची वर्गणीदार असत. त्यांतले सर्वांत प्रसिद्ध चार्ल्स एडवर्ड म्यूडी याचे. १८४२ मध्ये सुरू झालेल्या या वाचनालयात वर्षाला एक गिनी भरली की एका वेळी एक खंड मिळे. कादंबरी तीन खंडांत निघे आणि तिची किंमत साडेएकतीस शिलिंग असे, म्हणजे ती विकत घेणे सामान्य वाचकाच्या आवाक्याबाहेरचेच. परिणामी म्यूडी काय घेतो यावर कादंबरीकाराचे पोट अवलंबून राही, आणि म्यूडीला काय सभ्य वाटते यावर कादंबरीतला मजकूर. जॉर्ज मूरने १८८५ मध्ये या दडपणाविरुद्ध एक पुस्तिकाच लिहिली. तीन खंडांची ही पद्धत मोडायला मात्र १८९४ साल उजाडावे लागले. व्हिक्टोरियन कादंबरीची लांबी, तिच्यातले योगायोग आणि तिची सोवळी भाषा शिकवताना हा वाचनालयाचा व्यवहार सांगितल्याखेरीज चित्र पुरे होत नाही.

कामगारांसाठी ‘मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट’ होत्या. त्यांतल्या अनेकांची सूत्रे कारखानदार, पाद्री आणि स्थानिक प्रतिष्ठित यांच्या हाती असत. तिथे पुस्तक मिळे, पण ते कृपा म्हणून. काय वाचावे हे देणारा ठरवी.

या पार्श्वभूमीवर १८४९ मध्ये संसदेने सार्वजनिक ग्रंथालयांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी समिती नेमली. अध्यक्ष होते विल्यम युअर्ट. समितीचा सर्वांत महत्त्वाचा साक्षीदार होता एडवर्ड एडवर्ड्स. हा गवंड्याचा मुलगा, स्वतःही गवंडीकाम शिकलेला, वाचनाच्या ओढीने ब्रिटिश म्युझियमच्या सूचीलेखनापर्यंत पोहोचलेला. युरोपातल्या शहरांतील खुल्या ग्रंथालयांची आकडेवारी त्याने समितीपुढे मांडली. त्यातले काही आकडे पुढे वादग्रस्त ठरले, पण त्याचा मुद्दा टिकला: ज्याच्याजवळ पैसे नाहीत आणि ओळखही नाही, अशा माणसासाठी ब्रिटनमध्ये पुस्तकाची जागा जवळजवळ नव्हती.

१८५० च्या कायद्याला विरोध झाला तो दोन अंगांनी. एक विरोध भयाचा होता. कामगार वाचू लागले तर ही वाचनालये राजकीय चळवळीचे अड्डे होतील. दुसरा विरोध पैशांचा होता. एकाच्या वाचनासाठी दुसऱ्याने कर का भरावा? कर्नल सिबथॉर्प नावाच्या सभासदाने तर आपल्याला वाचन मुळीच आवडत नाही आणि ऑक्सफर्डमध्ये असतानाही त्याचा तिटकाराच होता, असे सभागृहात सांगून टाकले. पाठीराख्यांची भूमिकाही सर्वस्वी उदात्त नव्हती. वाचनालय उघडले तर कामगार दारूच्या गुत्त्यापासून दूर राहील, तुरुंगावरचा खर्च वाचेल, हा त्यांचा आवडता युक्तिवाद होता. म्हणजे एका बाजूला भीती आणि दुसऱ्या बाजूला काटकसर. यांतून जे जन्माला आले ते मात्र दोहोंपेक्षा मोठे निघाले.

कायदा अगदीच कृश होता. दहा हजारांहून अधिक वस्तीच्या नगरालाच तो लागू करून घेता येई, तोही करदात्यांच्या दोन तृतीयांश मतांनी. घरपट्टी आकारताना मालमत्तेच्या मूल्यावर पौंडामागे फार तर अर्धी पेनी वाचनालयासाठी घेता येई. पौंडाच्या तेव्हा २४० पेनी होत. म्हणजे हा चारशेऐंशीवा भाग झाला. शिवाय या पैशांतून इमारत आणि नोकरवर्ग यांचा खर्च करायचा. पुस्तके विकत घ्यायला परवानगी नाही! ती लोकांनी दान द्यावीत अशी अपेक्षा होती. १८५५ मध्ये मर्यादा एक पेनीवर गेली आणि पुस्तक खरेदीची मोकळीक मिळाली.

मँचेस्टरच्या नागरिकांनी मतदान केले तेव्हा विरोधात अवघी चाळीसेक मते पडली; बाजूने चार हजारांच्या आसपास. सप्टेंबर १८५२ मध्ये कॅम्पफील्ड येथे वाचनालय उघडले. इमारत पूर्वी रॉबर्ट ओवेनच्या समाजवादी अनुयायांचे सभागृह होती. उभारणीसाठी कामगारांनीही वर्गणी गोळा केली होती. उद्घाटनाला चार्ल्स डिकन्स, थॅकरे आणि बुलवर लिटन हजर होते. थॅकरेला भाषण पुरे करता आले नाही. तो मध्येच अडखळून खाली बसला. पहिला ग्रंथपाल म्हणून एडवर्ड्सचीच नेमणूक झाली होती. समितीशी त्याचे पटले नाही आणि १८५८ मध्ये त्याला जावे लागले. १८८६ मध्ये आइल ऑफ वाइट बेटावर तो विपन्नावस्थेत वारला. ज्या संस्थेने लाखोंना पुस्तक दिले तिच्या आद्य पुरस्कर्त्याच्या वाट्याला हे यावे, याची खंत ग्रंथालयाच्या इतिहासकारांना नेहमी वाटत आली आहे.

कायदा झाला म्हणून वाचकावर विश्वास ठेवला गेला असे नाही. पुढची चाळीस-पन्नास वर्षे संशयाची आहेत. वाचकाला कपाटापाशी जाता येत नसे. मधे उंच फळा असे, त्यावर हजारो क्रमांक. अमुक पुस्तक आत आहे की बाहेर, हे रंगावरून कळे. वाचकाने सूचीतून क्रमांक शोधायचा, फळ्यावर पाहायचा, मग खिडकीपाशी मागायचा. पुस्तक चाळून निवडण्याचे सुख त्याला नव्हते. काही वाचनालयांत वर्तमानपत्रांतल्या घोड्यांच्या शर्यतींच्या बातम्यांवर काळे फासून मगच ती टेबलावर ठेवीत. कादंबऱ्यांनी तर संचालकांची झोप उडवली होती. करदात्याच्या पैशांतून ज्ञानग्रंथ आणावेत आणि लोकांनी कादंबऱ्याच न्याव्यात, हे त्यांना सलत असे. या ‘कादंबरीच्या प्रश्ना’वर ग्रंथपालांनी वर्षानुवर्षे वाद घातले.

पण घरपट्टीच्या पावतीचे एक वैशिष्ट्य असते. ती भरणाऱ्याला विचारण्याचा अधिकार मिळतो. म्यूडीच्या वर्गणीदाराला पुस्तक पसंत नसेल तर वर्गणी थांबवावी लागे. मेकॅनिक्स इन्स्टिट्यूटच्या कामगाराला गप्प बसावे लागे. सार्वजनिक वाचनालयाचा वाचक मात्र नगरपालिकेला जाब विचारू शकत होता. १८९४ मध्ये क्लार्कनवेल येथे जेम्स डफ ब्राउन या ग्रंथपालाने कपाटे वाचकांसाठी खुली केली. चोऱ्या होतील, गोंधळ माजेल अशी ओरड झाली. हळूहळू हीच रीत सर्वत्र रूढ झाली. आज आपण कोणत्याही ग्रंथालयात कपाटापुढे रेंगाळतो, शोधत असतो एक आणि हाती लागते दुसरेच, ते सुख वाचकाला असे उशिराने मिळाले आहे.

दरम्यान अँड्र्यू कार्नेगीचा पैसा आला. स्कॉटलंडमधल्या डन्फर्मलिन येथील विणकराचा हा मुलगा अमेरिकेत पोलादसम्राट झाला. १८९२ मध्ये होमस्टेड येथील त्याच्या कारखान्यातला संप रक्त सांडून मोडला गेला. म्हणून त्याच्या दानाकडे अनेक कामगार संघटनांनी संशयाने पाहिले, आणि ते योग्यच होते. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये त्याच्या देणगीतून साडेसहाशेंहून अधिक वाचनालये उभी राहिली. पण त्याची अट नोंदवण्यासारखी आहे. इमारत मी देतो. वाचनालय चालवण्यासाठी नगराने कर लावलाच पाहिजे. एवढ्या मोठ्या दात्यालाही वाचनालय दानावर टिकणार नाही हे उमगले होते. १९१९ च्या कायद्याने पेनीची मर्यादा उठवली आणि परगण्यांनाही अधिकार दिले, तेव्हा खेड्यापाड्यांत पुस्तके जाऊ लागली.

मग हे वाचनालय दैनंदिन जीवनात किती मुरले याचे एक उदाहरण पुरे आहे. सप्टेंबर १९४० मध्ये पूर्व लंडनमधील बेथनल ग्रीनच्या वाचनालयावर बाँब पडला. जवळच भुयारी रेल्वेचे अपुरे राहिलेले स्थानक होते आणि बाँबवर्षावात हजारो लोक रात्री तिथे झोपायला येत. नगरपालिकेने त्या भुयारातच छोटे वाचनालय उघडले. अन्नधान्य मोजून मिळण्याच्या त्या दिवसांत पुस्तक ही चैन मानली गेली नाही. पाणी आणि दवाखाना यांच्याच रांगेत ते ठेवले गेले.

१९६४ च्या कायद्याने इंग्लंड आणि वेल्समध्ये परिपूर्ण आणि कार्यक्षम ग्रंथालयसेवा देणे हे स्थानिक संस्थांचे कर्तव्यच ठरवले. तोवर ते ऐच्छिक होते. पुढे ब्रिजिड ब्रोफी आणि मॉरीन डफी या लेखिकांनी एक न्याय्य प्रश्न लावून धरला: पुस्तक फुकट वाचले जाते, मग लेखकाने काय खावे? १९७९ मध्ये कायदा झाला आणि १९८४ पासून वाचनालयातून पुस्तक किती वेळा नेले गेले या हिशेबाने लेखकांना सरकारी निधीतून मोबदला मिळू लागला. वाचकाचा हक्क राखून लेखकाचा हक्क मान्य करण्याची ही रीत आम्हांला अनुकरणीय वाटते.

आता आपल्याकडे वळायला हवे, कारण या कथेतला एक सन आपलाही आहे. ज्या १८५० साली लंडनमध्ये हा कायदा झाला, त्याच साली कोल्हापुरात आजच्या करवीर नगर वाचन मंदिराची स्थापना झाली. रत्नागिरीचे वाचनालय त्याहूनही जुने, १८२८ चे. म्हणजे वाचनालयाच्या कल्पनेत आपण मागे नव्हतो. फरक हिशेबात होता. आपल्या ‘नेटिव्ह लायब्ररी’ अधिकारी, संस्थानिक आणि वर्गणीदार यांच्या बळावर उभ्या राहिल्या. मँचेस्टरच्या गिरणी कामगाराला जो हक्क संसदेने दिला, तो तिच्याच छत्राखालच्या प्रजेला देण्याचा विचार कोणाच्या मनात आला नाही. तो विचार येथे आणला शि. रा. रंगनाथन यांनी. १९२४-२५ मध्ये ते लंडनला शिकायला गेले आणि तिथल्या सार्वजनिक वाचनालयांतली सामान्य माणसांची वर्दळ त्यांनी पाहिली. १९४८ च्या मद्रास ग्रंथालय कायद्यामागे त्यांचीच प्रेरणा होती आणि त्यात घरपट्टीबरोबर घ्यायच्या ग्रंथालय उपकराची तरतूद होती.

महाराष्ट्राने १९६७ मध्ये कायदा केला, तो अनुदानाचा. उपकर त्यात नाही. त्यामुळे आपली बहुसंख्य वाचनालये आजही लोकांनी चालवलेल्या संस्था आहेत, शासनाच्या अनुदानावर आणि सभासदांच्या वर्गणीवर तगणाऱ्या. या पद्धतीने आपल्याला शंभरी ओलांडलेल्या संस्था आणि अल्प वेतनात आयुष्य वेचणारे ग्रंथपाल दिले, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. पण तिने वाचकाला ‘सभासद’ ठेवले. ज्याच्याजवळ वर्गणी नाही, किंवा दारातून आत जाण्याचा धीर नाही, त्याच्यासाठी ती संस्था परकीच राहिली. दलित आणि ग्रामीण लेखकांच्या आत्मकथनांत पुस्तक मिळवण्याची जी धडपड दिसते, ती वाचताना हा हिशेब ध्यानात असू द्यावा.

खुद्द ब्रिटनमध्येही ही गोष्ट आता सुरक्षित उरलेली नाही. २०१० नंतरच्या खर्चकपातीत दहा वर्षांच्या आत पाऊणेआठशेच्या आसपास वाचनालये बंद पडली. कर्तव्य कायद्यात शिल्लक आहे, पण ते पाळायला नगरपालिकांजवळ पैसा नाही. कित्येक ठिकाणी पगारी ग्रंथपाल गेले आणि गावचे स्वयंसेवक वाचनालय चालवू लागले. त्यांचा सेवाभाव मोठा आहे. पण सेवाभावावर चालणारे वाचनालय स्वयंसेवक थकले की मिटते. एडवर्ड्स आणि युअर्ट यांनी ज्या अवस्थेतून बाहेर पडण्याची वाट शोधली होती, तिकडेच हा प्रवास उलट चालला आहे. आपल्याला ती अवस्था चांगली परिचयाची आहे.

ब्रिटिशांची आवडती गोष्ट म्हणून आम्ही वाचनालय निवडले ते याच कारणाने. चहा आणि रांग त्यांच्या स्वभावातून आली असतील. वाचनालय स्वभावातून आले नाही. ते वाद घालून, मते मोजून, पौंडामागे अर्धी पेनी वसूल करून मिळवावे लागले, आणि जे असे मिळवलेले असते ते पुन्हा गमावताही येते. आपल्या विद्यार्थ्यांना वाङ्मयाचा इतिहास शिकवताना आपण लेखक, कृती आणि प्रवाह सांगतो. त्याच्या जोडीला एक प्रश्न विचारण्याची सवय त्यांना लावावी: हे पुस्तक त्या काळच्या वाचकाच्या हाती कसे आले, आणि त्याचे पैसे कोणी दिले?