सूर्येचे पाणी आणि शेजाऱ्यांची भागीदारी : पालघर, बोईसर-तारापूर आणि स्थानिक स्वराज्य

१/ पालघर आणि बोईसर या दोन रेल्वे स्थानकांच्या मध्ये उमरोळी हे एकच स्थानक आहे. पालघरला नगरपरिषद आहे. बोईसर शहराएवढे वाढले, तरी दीर्घकाळ ग्रामपंचायतच राहिले. शेजारच्या तारापूर औद्योगिक वसाहतीचा कारभार एमआयडीसीकडे आहे. या तिघांची तहान मात्र एकाच नदीवर भागते. #थ्रेड

२/ ही नदी म्हणजे सूर्या, वैतरणेची उपनदी. तिचे पाणी कोणी अडवले, कोणी वाटले आणि ते वाटताना कोणाला मत होते, हे पाहत गेले की उत्तर कोकणातील स्थानिक स्वराज्याचा सुमारे दीडशे वर्षांचा इतिहास उलगडतो. शेजारी गावांनी साधने एकत्र कशी करावीत, हा त्या इतिहासाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

३/ एकोणिसाव्या शतकात या भागाचा तालुका 'माहीम' या नावाने ओळखला जाई. मुख्य ठाणे समुद्रकाठचे केळवे-माहीम. नगरपालिकाही तेथेच होती. १८६० च्या दशकात मुंबई-सुरत लोहमार्ग किनाऱ्यापासून काहीसा आत टाकला गेला. व्यापार आणि कचेऱ्या हळूहळू रुळांकडे सरकल्या आणि पुढे तालुक्याचे ठाणे पालघरला आले.

४/ म्हणजे या परिसरात 'मुख्य गाव कोणते' याचे उत्तर गावकऱ्यांनी ठरवलेले नाही. एकदा ते रेल्वेने ठरवले, पुढे कारखान्यांनी आणि त्यानंतर जिल्हा विभाजनाने. प्रत्येक वेळी वस्ती आधी वाढली आणि तिला सांभाळणारी संस्था मागाहून आली. पुढचा सारा गुंता या क्रमातून निर्माण झाला आहे.

५/ संस्थांचा आरंभ करापासून झाला. १८६९ च्या मुंबई लोकल फंड कायद्याने शेतसाऱ्याच्या प्रत्येक रुपयावर एक आणा उपकर बसवला. रस्ते, शाळा, विहिरी, धर्मशाळा यांचा खर्च त्यातून होई. अनेक गावांचा पैसा एका पेटीत जमा करण्याची ही कायदेशीर सुरुवात होती. पेटीची किल्ली मात्र कलेक्टरच्या हाती होती.

६/ १८ मे १८८२ रोजी लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्यविषयक ठराव प्रसिद्ध झाला. स्थानिक मंडळाचे क्षेत्र लहान असावे, म्हणजे सभासदांना तेथील गरजांची माहिती आणि आस्था राहील, असा त्याचा आग्रह होता. १८८४ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात जिल्हा आणि तालुका लोकल बोर्डे अस्तित्वात आली.

७/ स्वातंत्र्यानंतर १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याने गावाला अधिक अधिकार दिले. दोन किंवा अधिक स्थानिक संस्थांनी समान हिताच्या कामासाठी संयुक्त समिती नेमावी, अशी तरतूदही त्यात आहे. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या. हा प्रदेश तेव्हा ठाणे जिल्हा परिषदेत होता.

८/ नेमक्या त्याच वर्षी, १ ऑगस्ट १९६२ रोजी, महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. गावाचा कारभार लोकनियुक्त संस्थांकडे आणि उद्योगाची जमीन, रस्ते व पाणी राज्याच्या महामंडळाकडे, असे दोन समांतर मार्ग तेव्हा आखले गेले. बोईसर-तारापूर परिसरात हे दोन्ही मार्ग एकमेकांना येऊन भिडले.

९/ तारापूरला देशातील पहिले अणुवीज केंद्र २८ ऑक्टोबर १९६९ पासून व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागले. १९७० च्या दशकात औद्योगिक वसाहत उभी राहिली. तिच्या जमिनी बोईसर, सालवड, पास्थळ, सरावली, कोलवडे, कुंभवली, पाम अशा गावांत विखुरल्या आहेत. वसाहत एक, पण तिच्याभोवतीच्या ग्रामपंचायती अनेक.

१०/ कारखान्याच्या कुंपणाआतले रस्ते आणि बांधकाम परवाने एमआयडीसीचे. कामगाराची चाळ, गटार, कचरा आणि दिवाबत्ती ग्रामपंचायतीची. कारखाना एका गावाच्या हद्दीत, कामगार दुसऱ्या गावात, असे सर्रास घडले. कर एकीकडे आणि खर्च दुसरीकडे, अशी ही विभागणी होती. संयुक्त समितीची तरतूद अशाच परिस्थितीसाठी असते.

११/ पाण्याची कथाही समांतर चालली. सूर्या नदीवर धामणी येथे धरण आणि त्याखाली कवडास येथे बंधारा झाला. आजच्या डहाणू, पालघर आणि विक्रमगड तालुक्यांतील सुमारे १४,७०० हेक्टर शेतीला पाणी मिळावे, हा मूळ हेतू होता. लाभक्षेत्र मुख्यतः आदिवासी शेतकऱ्यांचे होते आणि धरणासाठी विस्थापितही आदिवासीच झाले.

१२/ पुढे याच पाण्यावर पिण्याच्या आणि औद्योगिक वापराची मागणी वाढत गेली. औद्योगिक वसाहतीला सूर्येचे पाणी मिळाले. परिसरातील ग्रामपंचायती पिण्याचे पाणी एमआयडीसीकडून विकत घेऊ लागल्या. म्हणजे गावाचा पाणीपुरवठादार गावाने निवडलेली संस्था नव्हती. गाव तिचे केवळ ग्राहक होते.

१३/ पालघरच्या बाजूला वेगळा प्रयोग झाला : 'पालघर व २६ गावे' प्रादेशिक नळपाणीपुरवठा योजना. उद्भव सूर्या नदीवर मासवण येथे. एकाच जलवाहिनीवर एक शहर आणि भोवतालची गावे. प्रत्येक गावाने स्वतंत्र बंधारा, पंप आणि शुद्धीकरण केंद्र उभारण्यापेक्षा हा मार्ग स्वस्त आणि शहाणपणाचा होता.

१४/ परंतु अशा प्रादेशिक योजनांची एक उणीव महाराष्ट्रभर दिसते. योजना शासकीय यंत्रणा बांधते आणि नंतर ती चालवण्याचा भार स्थानिक संस्थांवर येतो. वीजबिल सामायिक, पण पाणीपट्टी प्रत्येक गाव आपापली वसूल करते. शेवटच्या टोकाच्या गावाला पाणी कमी पोहोचते, म्हणून ते पट्टी भरत नाही; थकबाकी वाढते, म्हणून दुरुस्ती रखडते.

१५/ यावर 'गावांना एकत्र येता येत नाही' असा निष्कर्ष काढणे इतिहासाला धरून होणार नाही. धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम यांसारख्या नद्यांवर शतकानुशतके 'फड पद्धती' चालत आली. लाभक्षेत्राचे फड पाडायचे, एका फडात एकच पीक घ्यायचे आणि पाणी शेतकऱ्याने स्वतः न घेता पाटकऱ्याने द्यायचे. पाटकरी सर्वांचा नोकर असे, कोणा एकाचा नव्हे.

१६/ फड टिकला, कारण टंचाईचे नियम टंचाई येण्यापूर्वी ठरलेले असत. पाणी कमी असेल त्या वर्षी भिजवायचे क्षेत्र कमी होई, आणि ती तूट सर्वांमध्ये वाटली जाई. प्रादेशिक नळयोजनांत बहुधा याच्या उलट घडते : तूट शेवटच्या गावाच्या वाट्याला येते.

१७/ उद्योग आणि वस्ती यांच्या भागीदारीचे उदाहरण हवे असेल, तर जर्मनीच्या रूर खोऱ्याकडे पाहावे लागते. कोळसा खाणी, पोलाद कारखाने आणि दाट वस्त्या यांच्या सांडपाण्याने एम्शर नदीचे गटार झाले होते. १८९९ मध्ये शहरे, खाणी आणि उद्योग यांनी मिळून 'एम्शर सहकारी संघ' स्थापन केला. १९०४ मध्ये त्याला स्वतंत्र कायद्याचा आधार मिळाला. सभासदांची वर्गणी त्यांच्या भारानुसार ठरे.

१८/ तारापूरमध्येही सांडपाण्यासाठी सामायिक प्रक्रिया केंद्र आहे. ते उद्योजकांची संस्था चालवते. प्रक्रिया केलेले पाणी नवापूरच्या समुद्रात सोडले जाते. त्या किनाऱ्यावर मच्छीमारांची गावे आहेत. मच्छीमारांच्या संघटनेच्या तक्रारीमुळे प्रदूषणाचा प्रश्न राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत गेला. बैठकीत ज्यांना खुर्ची नसते, त्यांना न्यायालयाचे दार ठोठवावे लागते.

१९/ एकत्र येण्याचा दुसरा मार्ग विलीनीकरणाचा. त्याचे उदाहरण याच जिल्ह्यात आहे. वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि ५३ गावे मिळून जुलै २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका झाली. गावांनी तीव्र विरोध केला आणि गावे वगळण्याचा वाद न्यायालयात गेला. साधने एकत्र झाली, पण गावाची ओळख आणि ग्रामसभा गेली, ही सल राहिली.

२०/ तिसरा मार्गही दूर नाही. उल्हास नदीवर शहाड येथे पाणी उचलून भिवंडीजवळ टेमघर येथे शुद्ध करणारी जुनी सरकारी योजना 'स्टेम' कंपनीकडे आली. ठाणे, भिवंडी-निजामपूर व मीरा-भाईंदर महानगरपालिका आणि ठाणे जिल्हा परिषद हे तिचे चार भागधारक. दिवसाला २८५ दशलक्ष लिटर क्षमतेची योजना चार स्थानिक संस्थांच्या मालकीची आहे.

२१/ स्टेममध्ये कोणतीही संस्था विसर्जित झाली नाही. कंपनी घाऊक पाणी देते. गावात आणि शहरात ते वाटण्याचे काम प्रत्येक सभासदाचे. हिशेब एक, संचालक मंडळ एक, स्वायत्तता आपापली. टंचाईत वाद होतात, थकबाकीही होते. पण वाद कोठे मांडायचा, हे ठरलेले आहे.

२२/ सूर्येचे तसे झाले नाही. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने सूर्येवर दिवसाला ४०३ दशलक्ष लिटरची योजना हाती घेतली : १८५ वसई-विरारला, २१८ मीरा-भाईंदरला. सिंचनासाठी बांधलेल्या धरणाचे पाणी दक्षिणेकडील महानगरांकडे वळताना पाहून 'सूर्या पाणी बचाव संघर्ष समिती' रस्त्यावर उतरली. पाण्याची वाटणी मंत्रालयात ठरली. नदीकाठच्या संस्था अर्जदार राहिल्या.

२३/ येथे राज्यघटनेचे एक कलम लक्षात घ्यावे. १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने कलम २४३-झेडडी अन्वये जिल्हा नियोजन समिती आणली. पंचायती आणि नगरपालिका यांच्या समान हिताच्या बाबी पाहून आराखडा करणे, हे तिचे काम. त्या बाबींत पाण्याच्या वाटपाचा उल्लेख स्पष्ट शब्दांत आहे. व्यवहारात या समितीची चर्चा होते ती मुख्यतः निधीवाटपासाठी.

२४/ १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. मुख्यालयाची इमारत सिडकोने पालघर-बोईसर मार्गावरील कोळगाव येथे बांधली. दोन्ही वस्त्या आता एकमेकींकडे वाढत आहेत. माहीमहून पालघरला झाले, तसे पुन्हा एकदा केंद्र सरकत आहे.

२५/ म्हणून पालघर आणि बोईसर यांचे विलीनीकरण व्हावे की नाही, हा प्रश्न अपुरा आहे. रिपनच्या ठरावात लहान संस्थेच्या जाणतेपणावर भर होता, फडात आधी ठरवलेली तूटवाटणी होती, एम्शरमध्ये भारानुसार वर्गणी होती, स्टेममध्ये सभासदांची मालकी आहे. सूर्येच्या खोऱ्यात जलवाहिन्या सामायिक झाल्या. ही चारही तत्त्वे अद्याप एका संस्थेत उतरायची आहेत.

२६/ नगरपरिषद, ग्रामपंचायती, औद्योगिक वसाहत, लाभक्षेत्रातील शेतकरी आणि किनाऱ्यावरचे मच्छीमार : एका नदीचे हे पाच वाटेकरी. यांची एक बैठक, एक हिशेबवही आणि प्रत्येकाला मत. १९५८ चा कायदा स्थानिक संस्थांना संयुक्त समितीची वाट देतो, घटनेचे कलम पाण्याच्या वाटपाचा विचार सोपवते. उद्योग, शेतकरी आणि मच्छीमार यांना त्या बैठकीत कायदेशीर स्थान देणे, एवढे काम उरते. (समाप्त)