जीप विकताना: बॉनेटच्या उंचीतला इतिहास

आजचा भाग जरा घरचा आहे. दोन वर्षं खपून उभी केलेली बाबांची जीप मी गेल्या महिन्यात विकली. गिऱ्हाईक आलं, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "महायुद्धातली ना?"

खरं सांगतो, 'हो' अगदी ओठांवर आलं होतं. युद्धातली म्हटलं की भाव चढतो. पण गाडीच खोटं बोलू देत नाही. कसं, ते ऐका.

1941 ते 45 मध्ये विलिस आणि फोर्डने मिळून सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. त्या गाडीचं नाक बुटकं, जाळीला नऊ फटी. पुढे नागरी जीप आली तेव्हा हेडलाइट मोठे झाले, फटी सातच उरल्या आणि मागे उघडणारं फळकं आलं. 1953 मध्ये विलिसने 'सीजे-3बी' काढली. तिचं 'हरिकेन' इंजिन आधीच्याइतकंच, 2.2 लिटरचं, पण इनटेक व्हॉल्व्ह ब्लॉकमधून वर हेडमध्ये गेले. इंजिन उंच झालं, म्हणून बॉनेटही उंच करावं लागलं. आपल्याकडच्या जीपचा तो ओळखीचा उंच चेहरा आला तो असा!

आणि आपल्याकडे ती आली मुंबईमार्गे. 1945 मध्ये महिंद्रा बंधू आणि गुलाम मोहम्मद यांनी 'महिंद्रा अँड मोहम्मद' काढली. माझगावात विलिस जीपची जोडणी होऊ लागली. 1947 मध्ये फाळणी. गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, आणि 1948 मध्ये कंपनीच्या नावातला 'मोहम्मद' जाऊन दुसरा 'महिंद्रा' आला. पुढे हीच उंच बॉनेटची जीप इथे कित्येक दशकं बनत राहिली.

बाबांची जीप त्यातलीच. ऊस, बियाणं, एकदा तर अडलेली बाळंतीण, सगळं वाहिलेली.

मी गिऱ्हाइकाला फटी मोजायला लावल्या. सात. चासी नंबर आरसी बुकाशी ताडून दाखवला. कुठला पत्रा नवा, गिअरबॉक्स दुसऱ्या गाडीचा, तेही सांगितलं. त्याने भाव पाडला. मी मान्य केला.

किल्ली देताना तो म्हणाला, "बाळंतिणीची गोष्ट लिहून द्याल?" दिली, आरसीबरोबर.

तुमच्या घरी जुनी जीप असेल, तर आज फटी मोजा. भेटू पुढच्या भागात.