रांगड्या मोटारींची पारख

आमच्या पनवेल गांवाची एक जुनी ख्याति आज खुद्द पनवेलकरांनाही फारशी ठाऊक नाहीं. १९०८ सालच्या इंपीरियल गॅझेटियरमध्यें पनवेलचा मुख्य धंदा म्हणून बैलगाडीचीं चाकें करण्याचा उल्लेख आहे. देशावरच्या शेतकऱ्यांना या चाकांची मोठी हौस असे, असेंही त्यांत नमूद आहे. मुंबईचा माल खाडीच्या वाटेनें पनवेल बंदरांत उतरावा आणि तेथून गाड्यांत भरून बोरघाट चढावा, असा त्या काळचा व्यापार होता. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दींत, १८३० सालीं, त्या घाटाचा गाडीरस्ता खुला झाला. ज्याला हा घाट चढावयाचा, तो गिऱ्हाईक चाकाच्या रंगावर भुलणारा नव्हे. तुंबा चिरलेला नाहीं ना, आरे घट्ट आहेत ना, लोखंडी धाव नीट बसली आहे ना, हें तो वाकून पाहणार.

त्याच पनवेलवरून आज द्रुतगति महामार्गानें पुण्याकडे मोटारींची रीघ लागलेली असते. त्यांत उंच, रुंद छातीच्या, कांहीं तर पाठीवर जादा चाक अडकविलेल्या अशा मोटारी पुष्कळ दिसतात. एस्. यू. व्ही. या नांवानें त्या ओळखल्या जातात. पाहणाऱ्याला वाटावें कीं, ही गाडी आतां रस्ता सोडून सरळ प्रबळगडावर चढणार! हा रांगडेपणा खरा किती आणि पोशाखी किती, या वादाचा निकाल लावावयाचा तर थोडें इतिहासांत शिरलें पाहिजे.

या सर्व मोटारींच्या रूपाचें मूळ जीप गाडींत आहे. १९४० च्या उन्हाळ्यांत अमेरिकन सैन्यानें १३५ कारखान्यांकडे एका हलक्या, चारही चाकांना जोर मिळणाऱ्या गाडीची मागणी केली आणि नमुना तयार करण्यास अवघे ४९ दिवस दिले. बँटम नांवाच्या एका लहान कंपनीनें तो वेळेवर हजर केला. पुढें विलीस व फोर्ड या कारखान्यांनीं युद्धकाळांत सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. या गाडीला शोभेसाठीं म्हणून कांहींही दिलेलें नव्हतें. चिखलपंखे सपाट, कारण ते करण्यास सोपे व स्वस्त. समोरची उभ्या फटींची जाळी पत्र्याच्या एकाच तुकड्यांतून दाबून काढलेली, कारण ती हलकी आणि झटपट होणारी. बांधा आंखूड, कारण तो खांचखळग्यांतून अडकल्याशिवाय निघावा. तिचें रूप गरजेंतून आलेलें होतें.

हीच जीप स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईंत आली. १९४५ सालीं स्थापन झालेल्या महिंद्र कंपनीनें त्या दशकाच्या अखेरीस माझगांव येथें तिचे सुटे भाग जुळविण्यास प्रारंभ केला. मग कलेक्टरसाहेबांच्या दौऱ्यांत, निवडणुकीच्या प्रचारांत, धरणांच्या कामांवर, जेथें तेथें जीप दिसूं लागली. आमच्या लहानपणीं गांवांत जीप शिरली म्हणजे सरकार आलें, असेंच आम्ही समजत असूं.

पुढें मात्र रूप आणि गुण यांची फारकत होत गेली. १९९१ सालीं टाटांची सिएरा, १९९८ सालीं सफारी, २००२ सालीं महिंद्रांची स्कॉर्पिओ अशा मोटारी निघाल्या. त्या शहरांतील सधन कुटुंबासाठींही होत्या, आणि त्यांपैकीं बहुसंख्य गाड्यांत इंजिनाचा जोर दोनच चाकांना मिळे. नंतर तर साध्या मोटारीच्याच सांगाड्यावर उंच, थोराड अंग चढवून देण्याची पद्धत सर्व जगभर रूढ झाली. २०१७ पासून पुण्याजवळ रांजणगांव येथें जीप याच नांवाची कंपास मोटार तयार होऊं लागली. तिचेही अनेक प्रकार दोन चाकांच्या जोराचे आहेत. नाशिकची थार घ्या. २०२० सालीं तिचा नवा अवतार आला, तेव्हां तिचीं चारही चाकें जोराचीं होतीं. जानेवारी २०२३ मध्यें त्याच चेहऱ्याची, पण केवळ मागचींच चाकें ओढणारी थार निघाली. कंपनीनें ही गोष्ट लपविली असें मुळींच नाहीं. परंतु रस्त्यावरून जाणाऱ्याला दोहोंतील भेद सहसा ओळखतां येत नाहीं, एवढें खरें.

आतां स्वतःचा एक अनुभव सांगतों. मागें एका श्रावणांत माझा भाचा आपल्या नव्या, अशाच दिमाखदार मोटारींतून आम्हां सर्वांना प्रबळगडाच्या पायथ्याकडे घेऊन गेला. एका वाडीजवळ गाडी वळवितांना तिचें मागचें एक चाक भातखाचराच्या कडेला चिखलांत गेलें. भाच्यानें जोर लावला, तों चाक गरगर फिरूं लागलें, आणि गाडी तसूभरही हालेना. "मामा, हिला तर चारही चाकांचा जोर असेल असें मला वाटलें होतें!" तो म्हणाला. तसा तो नव्हता.

असें कां होतें? वळणावर बाहेरच्या चाकाला आंतल्यापेक्षां अधिक अंतर कापावें लागतें, म्हणून दोन चाकांमध्यें डिफरन्शियल नांवाचें दांतेरी यंत्र बसवितात. त्याचा स्वभाव असा कीं, जें चाक सहज फिरतें त्याच्याकडे तें फिरकी जाऊं देतें. चिखलांतलें चाक गरगरतें आणि कोरड्या जमिनीवरचें स्तब्ध राहतें. खऱ्या आडवाटेच्या गाडीला म्हणून चारही चाकांस जोर, वेग कमी करून ताकद वाढविणारा जादा गिअर, निसटणाऱ्या चाकाला आवरण्याची सोय, आणि पोटाखालीं भरपूर मोकळी जागा, इतकें सर्व लागतें. यांतील पोटाखालची उंची तेवढी बाहेरून दिसते.

तरीही न्यायानें एक गोष्ट सांगितली पाहिजे. १ जून १९४८ रोजीं पुणें–अहमदनगर मार्गावर पहिली एस्. टी. धांवली, तेव्हांपासून ही गाडी मागच्याच चाकांच्या जोरावर खेड्यापाड्यांच्या कच्च्या वाटा तुडवीत आली. पक्के पाटे, पोटाखालची उंची आणि वाट ओळखणारा चालक, यांवर तिचें काम भागलें. आपल्या प्रवासांतील बहुतेक वाटांना याहून अधिक कांहीं लागत नाहीं. तेव्हां दोन चाकांची मोटार घेणारा फसला, असें म्हणणें चूक ठरेल. फसतो तो रूप पाहून धाडस करणारा.

त्या दिवशीं वाडींतल्या मंडळींनीं ट्रॅक्टर लावून आमची गाडी काढली. परतीच्या वाटेवर ओढ्याची फरशी पाण्याखालीं गेलेली होती. भाचा म्हणाला, "गाडी उंच आहे, जाऊं या." बरोबर आलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानें त्याला हातानें थांबविलें. "पाव्हणं, पानी काय गाडी बघून वाहतं व्हय?" आम्ही दोन तास थांबलों. मागच्या आसनावर भाच्याची मुलगी झोंपली होती.

त्या म्हाताऱ्याचें बोलणें शास्त्रालाही धरून होतें. नव्या थारसाठीं कंपनीनें सांगितलेली पाण्याची मर्यादा ६५० मिलिमीटर, म्हणजे दोन फुटांहून किंचित् अधिक आहे. परंतु ती संथ पाण्याची समजावी. वाहतें पाणी दोन फूट झालें, कीं तें बहुतेक मोटारींना, या थोराड मोटारींनाही, उचलून नेऊं शकतें. चाकांखालची जमीनच सुटली म्हणजे दोन चाकांना जोर आहे कीं चारांना, हा प्रश्न उरत नाहीं.

श्रोतेहो, मी साधा शाळामास्तर. यंत्रविद्येचा पंडित नव्हे. परंतु मोटार घेण्यास निघालेल्या माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना मी हल्लीं एवढेंच सांगतों: दुकानांत गेल्यावर गाडीभोंवतीं प्रदक्षिणा घाला, तिचें कौतुकही करा, आणि मग आपल्या पणजोबांनीं पनवेलच्या बाजारांत जें केलें असतें तें करा. खालीं वाका, आणि चाकांना जोर कोठून मिळतो तें विचारा. उत्तर कांहींही मिळो; तें पावसाळ्यांत लक्षांत ठेवा.