काचेवरून कागदावर

आमच्या कटंगीकडे ताप आला की पूर्वी रक्त काचेवर जायचं. १९५८ साली देशभर मलेरिया निर्मूलनाची मोहीम निघाली आणि मलेरियावाला पंधरवड्याला दारात येऊ लागला. भिंतीवर रंगवलेल्या चौकटीत तारीख टाकायचा, घरात कुणाला ताप येऊन गेला का विचारायचा, बोट टोचून स्लाइड घ्यायचा आणि मोठ्या माणसाला क्लोरोक्विनच्या चार गोळ्या देऊन पुढच्या घराकडे वळायचा. खरं निदान नंतर, आमच्यासारख्या तंत्रज्ञांच्या टेबलावर व्हायचं.

जाड थेंब पाण्यात धुवायचा म्हणजे तांबड्या पेशींचा रंग निघून जातो. मग जेएसबी या रंगाची दोन भांडी, एक इओसिनचं आणि एक निळं. जसवंत सिंग आणि भट्टाचारजी यांनी १९४० च्या दशकात बसवलेली ही रीत, स्वस्त आणि झटपट. पुढे तेलाच्या लेन्सखाली शंभर फील्ड बघायची. पण पावसाळ्यात नाले भरले की जंगलातली स्लाइड आमच्यापर्यंत पोचायलाच आठवडा सहज जायचा, आणि फाल्सिपेरम जातीचा मलेरिया काही आठवडाभर थांबत नाही.

हे थांबणं झटपट तपासणीच्या पट्टीने संपवलं. तिच्यात नायट्रोसेल्युलोजचा पांढरा पडदा असतो. कारखान्यात यंत्र त्यावर प्रतिपिंडांच्या द्रावाची केसाएवढी रेषा ओढतं. ती वाळवून, लग्नपत्रिका कापतात तसे मोठ्या तावाचे बारीक तुकडे करतात. रक्ताचा थेंब आणि बफर टाकला की द्राव पडद्यातून पुढे सरकतो. वाटेत वाळवून ठेवलेले सोन्याचे अतिसूक्ष्म कण, जे लाल दिसतात, परजीवीचं एचआरपी-२ हे प्रथिन पकडतात आणि रेषेवर अडकतात. पंधरा-वीस मिनिटांत लाल रेघ उमटते. गरोदरपणाच्या पट्टीचं तंत्र हेच. २०२१ मध्ये पुण्याच्या मायलॅबने कोरोनासाठी घरी वापरायचं किट काढलं, तेही याच जातीचं. ग्लुकोमीटरच्या पट्टीवर मात्र कार्बनच्या शाईचे इलेक्ट्रोड छापतात, त्यावर एन्झाइम बसवतात.

मलेरिया कार्यक्रमात २०१३ पासून फाल्सिपेरम आणि व्हायवॅक्स या दोन्ही जाती ओळखणारं किट आलं. आता ते आशाताईंच्या झोळीत असतं. वीज नको, सूक्ष्मदर्शक नको. आमच्या खात्यातल्या काहींना हे खुपलं. मला नाही खुपलं. रोग्याला त्याच दिवशी औषध मिळतंय, यापुढे आमचा मान कसला?

तरी पट्टीवर सगळा भार टाकू नये. परजीवी मेला तरी एचआरपी-२ रक्तात कित्येक आठवडे रेंगाळतं, म्हणून बरा झालेला माणूसही पॉझिटिव्ह दिसतो. उलट २०१० मध्ये पेरूच्या अॅमेझॉनमध्ये असे फाल्सिपेरम सापडले, ज्यांच्यात या प्रथिनाचं जनुकच नव्हतं. एकट्या एचआरपी-२ वर चालणारी पट्टी त्यांना ओळखत नाही. शिवाय रक्तात परजीवी किती, औषधाने किती कमी झाले, हे रेघ सांगत नाही. औषध घेऊनही ताप उतरला नाही, तर अजूनही स्लाइडच काढावी लागते.