‘तत्सम’ पिशव्यांचा इतिहास

जीएसटीच्या बिलावर वस्तूच्या नावापुढे ‘एचएसएन’ म्हणून काही आकडे छापलेले असतात. आयात मालाचं वर्गीकरण करणाऱ्या सॉफ्टवेअरवर मी काम करतो, त्यामुळे या आकड्यांशी माझा रोजचा संबंध. त्यांचं मूळ ब्रसेल्समध्ये तयार झालेल्या ‘हार्मोनाइज्ड सिस्टीम’मध्ये आहे. ती १ जानेवारी १९८८ला लागू झाली. अमेरिकेने वर्षभराने स्वीकारली. पहिले सहा अंक सगळीकडे सारखे, पुढचे अंक आणि शुल्काचा दर ज्याचा त्याचा.

या यादीत कापडी पिशवी कुठे बसते? माल भरायची पोती-गोणी असेल तर ६३०५मध्ये. हँडबॅग, शॉपिंग बॅग असेल तर ४२०२मध्ये, म्हणजे चक्क चामड्याच्या वस्तूंच्या प्रकरणात. कुठेच बसत नसेल तर ६३०७, ‘इतर तयार कापडी वस्तू’.

४२०२च्या मजकुरात मधोमध एक सेमिकोलन आहे. त्याच्या आधी येणाऱ्या ट्रंका, सुटकेस, चष्म्याची घरं कशाचीही बनलेली चालतात. नंतर येणाऱ्या प्रवासी बॅगा, हँडबॅगा मात्र चामडं, प्लास्टिक शीट, कापड अशा ठरावीक पदार्थांच्याच, किंवा त्यांनी मढवलेल्या हव्यात. इथवर प्रोग्रॅमरला सोपं आहे. पण दोन्ही भागांत ‘आणि तत्सम’ असे शब्द आहेत, आणि भांडणं तिथेच झाली.

टोट्स या अमेरिकन कंपनीने गाडीच्या डिकीत सामान नीट ठेवायची कापडी पिशवी आयात केली. कस्टम्सने ती ४२०२मध्ये घालून २० टक्के शुल्क लावलं. कंपनीचं म्हणणं, ही ६३०७मधली वस्तू, ७ टक्के द्या. १९९५मध्ये फेडरल सर्किट न्यायालयाने कस्टम्सची बाजू उचलून धरली. यादीतल्या वस्तू सामान नीट लावतात, साठवतात, जपतात, वाहून नेतात. ही पिशवीही तेच करते, म्हणून ती ‘तत्सम’.

दोनच वर्षांनी त्याच न्यायालयापुढे एसजीआय कंपनीची मऊ कूलर बॅग आली. खाद्यपदार्थ गार ठेवायची, खांद्याला अडकवून न्यायची. कस्टम्स पुन्हा ४२०२ आणि २० टक्क्यांवर. या वेळी आयातदार जिंकला. यादीतल्या वस्तूंचा खाण्यापिण्याशी संबंध नाही, म्हणून ही बॅग ‘तत्सम’ नाही. ती प्लास्टिकच्या घरगुती भांड्यांच्या ३९२४मध्ये, ३.४ टक्क्यांवर. शंभर डॉलरच्या मालावर वीस डॉलर की साडेतीनच्या आत, हे डबा कशासाठी वापरला जाणार यावर ठरलं.

पुढे हार्मोनाइज्ड सिस्टीमची २००२ची आवृत्ती आली. तिच्यात ४२०२च्या दुसऱ्या भागात नवे शब्द घातले गेले: खाद्यपेयांच्या उष्णतारोधक पिशव्या. ज्या वस्तूचं यादीशी नातं नाही असं न्यायालय म्हणालं होतं, ती आता नाव घेऊन यादीत आली. तेच शब्द आज भारताच्या टॅरिफमध्येही आहेत. न्हावा शेवाला उतरणारी कूलर बॅग त्यांच्याच आधारे तपासली जाते.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये पदार्थ, आकार, वजन यांचे नियम लिहिता येतात. ‘तत्सम’साठी नियम लिहिता येत नाही, तिथे आम्ही ओळ लाल करतो आणि ‘अधिकाऱ्याने पाहावे’ असा शेरा ठेवतो. टोट्स आणि एसजीआयचे निकाल शेजारी ठेवून वाचले, की तो शेरा काढायची घाई कुणी करणार नाही.