अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ इंडियाची बाग
कोलकात्याच्या अलिपूर भागातील, सभासदांच्या संस्थेने चालविलेली बाग. विल्यम केरी (पहा : केरी, विल्यम) यांनी १४ सप्टेंबर १८२० रोजी ही संस्था स्थापन केली. मराठीचे व्याकरण (१८०५) आणि मोडी लिपीत छापलेला मराठी कोश (१८१०) सिद्ध करणारे केरी ते हेच. शेती व बागायतीची सुधारणा हा संस्थेचा मूळ हेतू. त्यासाठी बियाणे व रोपे वाटली जात, उत्तम भाजीपाला पिकविणाऱ्या माळ्यांना बक्षिसे मिळत. बाग सध्याच्या जागी १८७२ मध्ये आली. पर्सी-लँकेस्टर घराण्याने येथे तयार केलेले कर्दळीचे संकरित वाण (पहा : कर्दळ) हे तिचे सर्वांत मोलाचे कार्य होय. दर हिवाळ्यात येथे पुष्पप्रदर्शन भरते, रोपविक्रीही चालते.