एफवायला विषय राहिले, साईडही बदलायची आहे? मग कॉलेजचा दाखला सर्वात शेवटी काढा

बारावी सायन्सला बरे मार्क पडले म्हणून बी.एस्सी.ला नाव घातलं आणि पहिल्याच वर्षी फिजिक्स-मॅथ्सने घात केला, अशी पोरं प्रत्येक गावात दोन-चार तरी निघतात. कुणाला कॉलेज बदलायचं असतं, कुणाला साईडच बदलून बी.ए. किंवा बी.कॉम. करायचं असतं. घरी मात्र निकाल कळला की दोनच गोष्टी निघतात. मुलगा असेल तर "शेतात ये", आणि मुलगी असेल तर स्थळं बघायला सुरुवात. खरं तर मार्ग यापेक्षा जास्त आहेत. कामाचा क्रम चुकला तर मात्र वर्ष हातचं जातं.

आधी निकाल नीट वाचा

नापास होणं वेगळं आणि एटीकेटी लागणं वेगळं. एटीकेटीत काही विषय राहिले तरी पुढच्या वर्गात बसता येतं. किती विषयांपर्यंत चालतं, ते प्रत्येक विद्यापीठाच्या नियमात दिलेलं असतं. पण साधारण पद्धत अशी की पहिल्या वर्षाचे सगळे विषय सुटल्याशिवाय तिसऱ्या वर्षाला प्रवेश मिळत नाही. त्यामुळे दुसरं वर्ष निघून जातं आणि गाडी तिसऱ्याच्या दारात अडते.

मार्क अपेक्षेपेक्षा फारच कमी असतील तर उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवावी आणि पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करावा. याची मुदत थोड्या दिवसांची असते, निकालाच्या दुःखात ती निघून जाते. आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा विद्यार्थ्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली माहिती अधिकारात मान्य केलेला आहे.

साईड तीच की दुसरी?

साईड आणि विषय तेच ठेवून फक्त कॉलेज बदलायचं असेल तर एफवायच्या मार्कलिस्टवर दुसऱ्या कॉलेजात एसवायला प्रवेश मागता येतो. तिथे जागा हवी आणि तेच विषय शिकवणारे हवेत. बी.एस्सी. सोडून बी.ए.ला जायचं असेल तर बहुतेक वेळा पुन्हा एफवायपासूनच सुरुवात करावी लागते, कारण विषय जुळत नाहीत. बारावी सायन्सवाल्याला आर्ट्स आणि कॉमर्स दोन्हीकडे जाता येतं. आर्ट्सवरून सायन्सला जायची वाट मात्र बहुतेक ठिकाणी बंद असते.

नव्या शैक्षणिक धोरणात थोडी सोय झाली आहे. राज्यातल्या संलग्न कॉलेजांत हे धोरण २०२४-२५ पासून लागू झालं. अनेक ठिकाणी पहिल्या वर्षी तीन विषय घेऊन मुख्य विषय, म्हणजे मेजर, दुसऱ्या वर्षी ठरवता येतो. तेव्हा केमिस्ट्री जमत नसेल आणि बॉटनी जमत असेल, तर कॉलेज सोडायची गरजच पडणार नाही. हे आधी विचारून घ्यावं.

पास झालेल्या विषयांचे क्रेडिट 'अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स'मध्ये जमा होतात आणि जास्तीत जास्त सात वर्षं टिकतात. नापास विषयाचं क्रेडिट मिळत नाही. जमा झालेलं क्रेडिट नवीन कोर्सला धरायचं की नाही, हे नवीन विद्यापीठ ठरवतं, म्हणून उत्तर लेखी घ्यावं. आधार आणि मार्कलिस्टवरचं नाव सारखं असलं पाहिजे. एक काना-मात्रा इकडे तिकडे झाली की खातं जुळत नाही.

दाखल्याची घाई नको

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. रागाच्या भरात पोरगं जातं, टी.सी. काढतं आणि मग नवीन कॉलेज शोधतं. टी.सी. निघाली की जुन्या कॉलेजातलं नाव कमी झालं. नवीन ठिकाणी जागा नसेल तर दोन्हीकडून गेला. म्हणून आधी नव्या कॉलेजात जागा आणि विषय विचारावेत, प्रवेश देतो असं पक्कं कळावं, मगच टी.सी.चा अर्ज द्यावा. लायब्ररीची पुस्तकं, लॅबची मोडतोड, होस्टेलची बाकी हे आधी मिटवावं, नाहीतर दाखला अडतो. मूळ कागद देण्याआधी प्रत्येकाच्या चार-चार झेरॉक्स काढून ठेवाव्यात.

विद्यापीठ बदलत असेल तर वरून मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं. हे अंतरावर नसतं, हद्दीवर असतं. नंदुरबारचं पोरगं जळगावला गेलं तरी विद्यापीठ तेच राहतं. बार्शीचं पोरगं शेजारच्या धाराशिवला गेलं तरी विद्यापीठ बदलतं, कारण सोलापूर विद्यापीठाची हद्द सोलापूर जिल्ह्यापुरतीच आहे.

फी आणि शिष्यवृत्ती

जुन्या कॉलेजात एसवायची फी भरून झाल्यावर जायचं ठरलं, तर पैसे बुडालेच असं समजू नये. यूजीसीच्या २०१८ च्या नियमाप्रमाणे प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या १५ दिवसांपेक्षा आधी प्रवेश रद्द केला तर थोडा प्रक्रिया खर्च कापून पूर्ण फी परत मिळते. शेवटच्या १५ दिवसांत ९० टक्के, तारखेनंतर १५ दिवसांपर्यंत ८० टक्के, ३० दिवसांपर्यंत ५० टक्के आणि त्यानंतर काही नाही. मूळ मार्कलिस्ट अडवून ठेवायचा अधिकारही कॉलेजला नाही. अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी, तोंडी सांगून भागत नाही.

महाडीबीटीवर फॉर्म भरताना वाया गेलेलं वर्ष लपवू नये. तपासणीत ते निघतंच आणि फॉर्म परत येतो. पहिल्या वर्षाची शिष्यवृत्ती एकदा घेतली असेल आणि पुन्हा पहिल्या वर्षाला बसायचं असेल, तर ती परत मिळेलच असं धरून फीचा हिशेब करू नये. समाजकल्याण कार्यालयात जाऊन आधी विचारावं.

रोज कॉलेज जमत नसेल तर

नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून चालू आहे. बी.ए., बी.कॉम. घरचं काम सांभाळून करता येतं. मान्यताप्राप्त मुक्त विद्यापीठाची पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची असल्याचं यूजीसीने जाहीर केलेलं आहे. एमपीएससीच्या राज्यसेवेलाही ती चालते. "पैसे द्या, थेट एसवायला घालतो" म्हणणारे एजंट जून-जुलैत फिरतात. त्यांनी सांगितलेलं विद्यापीठ यूजीसीच्या बोगस यादीत नाही ना, ते मोबाईलवर पाहावं, यादी तिथे टाकलेली असते.

प्रवेश झाला की नव्या कॉलेजचं बोनाफाईड लगेच काढावं. एसटीचा सवलतीचा पास त्यावरच निघतो, आणि जुन्या मार्गाचा पास नव्या गाडीत चालत नाही.